यंत्रे घेतली, समाज राहिला

विज्ञानकथेवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांची बाजू मांडायची वेळ आली की बहुतेक जण यंत्रांची यादी पुढे करतात. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेला तर ही यादी कायमचीच चिकटली आहे : खिशात मावणारा फोन, बोलून चालवायचा संगणक, हातात धरून रोगनिदान करणारे उपकरण. मालिकेत जे आधी दिसले ते नंतर प्रत्यक्षात आले, म्हणून मालिका द्रष्टी, असा हा युक्तिवाद आहे. मला तो अपुरा वाटतो आणि काहीसा अन्यायकारकही. अपुरा अशासाठी, की त्यातले दाखले तपासू लागले की ते इतके सरळ राहत नाहीत. मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या मोबाइल फोनवरून पहिला कॉल केला, आणि त्यामागची प्रेरणा मालिकेचा नायक कॅप्टन कर्क याच्या हातातले संदेशयंत्र ही होती, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पुढे कूपर यांनीच खुलासा केला की त्यांच्या मनात होता तो त्याहून कितीतरी जुन्या डिक ट्रेसी या कॉमिकमधल्या डिटेक्टिव्हच्या मनगटावरचा रेडिओ. अन्यायकारक अशासाठी, की यंत्रांच्या या गर्दीत मालिकेने उभा केलेला समाज दिसेनासा होतो. माझ्या मते तिचे खरे कर्तृत्व तिथे आहे, आणि तो समाज पडद्याबाहेर जिवंत ठेवण्याचे श्रेय प्रेक्षकांचे आहे. या मालिकेचा वारसा सांगणाऱ्या उद्योगांनी तिच्यातली यंत्रे तेवढी उचलली. ज्यांनी तिच्यातला समाज मनावर घेतला, त्या चाहत्यांवर मात्र आज मिनिटांचे आणि पैशांचे निर्बंध आहेत. ही वाटणी चुकीची आहे, असे मी म्हणतो.

८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला, तेव्हा अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा होऊन दोन वर्षे आणि कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला संरक्षण देणारा कायदा होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. वेगवेगळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांनी लग्न करणे हा अनेक राज्यांत अजून गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले ते १९६७ मध्ये. अशा काळात ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानाच्या नियंत्रणकक्षात उहुरा ही आफ्रिकी स्त्री संपर्क अधिकारी म्हणून बसलेली होती, सुलू हा आशियाई वंशाचा अधिकारी यान चालवत होता, कॅप्टनचा सर्वांत विश्वासू सहकारी स्पॉक हा अर्धा परग्रहवासी होता, आणि दुसऱ्या सीझनपासून, शीतयुद्ध ऐन भरात असताना, चेकॉव्ह हा रशियन तरुणही त्यांच्यात येऊन बसला. सुलूची भूमिका करणारे जॉर्ज ताकेई पाच वर्षांचे असताना, १९४२ मध्ये, केवळ जपानी वंशाचे म्हणून त्यांच्या कुटुंबाला घरातून उचलून आर्कान्सा राज्यातल्या रोवर येथील काटेरी तारांच्या छावणीत ठेवण्यात आले होते. ज्या देशाने त्यांना लहानपणी शत्रू ठरवले होते, त्याच देशाच्या दूरचित्रवाणीवर चोवीस वर्षांनी ते मानवजातीच्या सामाईक यानाचे सुकाणू धरून बसले. या एका गोष्टीचे मोल मला त्या यानातल्या सगळ्या यंत्रांपेक्षा अधिक वाटते.

मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी हे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते आणि नंतर काही वर्षे लॉस एंजलिसच्या पोलीस दलात होते. त्यांनी बनवलेला पहिला नमुना भाग वाहिनीने नाकारला होता, आणि त्या भागात यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी स्त्री होती. दुसरा नमुना भाग तयार झाला तेव्हा ती गळली. म्हणजे पडद्यावर जो समताधिष्ठित समाज उतरला, तो मुळातच घासाघीस होऊन, काही गमावून उतरला होता. तरीही त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट शिल्लक राहिली. उहुरा त्या खुर्चीवर का बसली आहे, याचे स्पष्टीकरण तिथे कोणी कोणाला देत नाही. कोणी तिच्यावर उपकार केल्याच्या आविर्भावात नाही, कोणी तिचे विशेष कौतुकही करत नाही. ती कामावर आलेली आहे आणि तिला तिचे काम येते. समतेवर भाषण देणारे कार्यक्रम त्या काळातही होते. समता ही रोजच्या कामाच्या जागेतली मामुली बाब झाली तर ती कशी दिसेल, हे दर आठवड्याला घराघरांत दाखवणे हे काम फार थोड्यांनी केले. दूरचित्रवाणी मालिकेचे हे खास सामर्थ्य आहे. चित्रपट दोन तासांत संपतो. मालिकेतली माणसे दर आठवड्याला घरी येतात, आणि सवयीने जे डोळ्यांत मुरते ते वादविवादाने मुरत नाही.

उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांना स्वतःला हे सामर्थ्य सुरुवातीला जाणवले नव्हते. पहिला सीझन संपल्यावर त्या मालिका सोडून रंगभूमीकडे वळण्याच्या विचारात होत्या. त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे की, त्याच सुमारास एका कार्यक्रमात त्यांची डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी गाठ पडली. किंग यांनी आपण मालिकेचे चाहते असल्याचे सांगितले, आणि त्या सोडून जाणार हे कळताच, ही जागा सोडू नका, असा आग्रह धरला, कारण आपल्या लोकांना पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याला हवे तसे, बरोबरीच्या नात्याने पाहत आहे. निकोल्स थांबल्या. या प्रसंगातून मला दिसते ते असे, की रस्त्यावरची चळवळ चालवणाऱ्या नेत्याला पडद्यावरच्या एका खुर्चीची किंमत कळत होती.

या खुर्चीने प्रत्यक्षात काय बदलले, असा प्रश्न शंका घेणारे नेहमी विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. आदर्श दाखवणे स्वस्त असते. पडद्यावर सगळे समान झाले म्हणून घराबाहेर कोणी समान होत नाही. इथे नासाचा इतिहास पाहावा. १९७८ पूर्वी नासाच्या अंतराळवीरांत एकही स्त्री नव्हती आणि सगळे पुरुष गौरवर्णीय होते. १९७७ मध्ये निकोल्स यांनी आपल्या ‘विमेन इन मोशन’ या कंपनीमार्फत नासासाठी भरतीच्या प्रचाराचे काम हाती घेतले. देशभर फिरून त्यांनी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय तरुणांना अर्ज करण्याचे आवाहन केले. जानेवारी १९७८ मध्ये जाहीर झालेल्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया, तीन आफ्रिकी-अमेरिकी पुरुष आणि एक आशियाई-अमेरिकी पुरुष होते. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकी स्त्री सॅली राइड आणि पहिले आफ्रिकी-अमेरिकी गाय ब्लूफर्ड याच तुकडीतले, आणि जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’च्या स्फोटात मृत्यू पावलेल्या ज्युडिथ रेस्निक, रोनाल्ड मॅकनेअर आणि एलिसन ओनिझुका हेही याच तुकडीतले. हे सगळे एका मालिकेने घडवले, असा दावा मी करणार नाही. १९७२ मध्ये नोकरीतील समान संधीचा कायदा सरकारी संस्थांनाही लागू झाला होता, आणि स्पेस शटलमुळे लष्करी वैमानिकांपलीकडे डॉक्टरांची, अभियंत्यांची, शास्त्रज्ञांची गरज निर्माण झाली होती. पण कायद्याने दार उघडले तरी, आपण त्या दारातून आत जाऊ शकतो असे वाटण्यासाठी आधी कोणीतरी आत बसलेले दिसावे लागते. शिकागोत वाढलेल्या मे जेमिसन लहानपणी उहुराला पाहत होत्या. सप्टेंबर १९९२ मध्ये ‘एंडेव्हर’ यानातून त्या अंतराळात गेल्या, आणि असे करणारी पहिली आफ्रिकी-अमेरिकी स्त्री ठरल्या. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘पर्सिव्हिअरन्स’ हे रोव्हर मंगळावर सुखरूप उतरल्याची घोषणा ज्यांच्या आवाजात जगाने ऐकली, त्या बंगळुरूमध्ये जन्मलेल्या अभियंत्या स्वाती मोहन यांनीही आपली अंतराळाची ओढ नवव्या वर्षी पाहिलेल्या ‘स्टार ट्रेक’पासून सुरू झाल्याचे सांगितले आहे. अशा माणसांच्या आयुष्यात मालिका नेमकी काय करते, हे मोजण्याचे माप कोणाकडे नाही. म्हणून ती काहीच करत नाही, असे म्हणणे मात्र आळशीपणाचे आहे.

मालिकेचे दोष झाकण्याची गरज नाही. पहिल्या तीन सीझनमध्ये स्त्री अधिकाऱ्यांना आखूड झग्यांत वावरावे लागले. जून १९६९ मध्ये प्रसारित झालेल्या शेवटच्या भागाचे कथानक तर असे आहे, की यानाच्या कॅप्टनपदापर्यंत स्त्रियांना पोहोचता येत नाही या वैफल्यातून एक स्त्री कर्कच्या शरीराचा ताबा घेते, आणि तिच्या तक्रारीत तथ्य आहे की नाही याची चौकशी करण्याऐवजी तिला वेडी ठरवून कथा संपते. भविष्यातला समाज इतक्या मोकळेपणाने रंगवणाऱ्या लेखकांनाही वर्तमानाची ही भिंत ओलांडता आली नाही. ती ओलांडली गेली ती पुढच्या मालिकांत. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’चा नायक सिस्को हा कृष्णवर्णीय अधिकारी होता, आणि १९९५ मध्ये ‘व्हॉयेजर’ची कॅप्टन जेनवे ही स्त्री होती. याच ‘डीप स्पेस नाइन’मध्ये १९९५ साली दाखवलेली एक दोन भागांची कथा मला या सबंध परंपरेतली सर्वांत प्रामाणिक कथा वाटते. सिस्को आणि त्याचे सहकारी चुकून २०२४ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पडतात. तिथे बेघर आणि बेरोजगार लोकांना शहराच्या कुंपण घातलेल्या भागात कोंडलेले असते, आणि त्या वस्तीतला उठाव हाच पुढच्या न्याय्य समाजाचा पाया ठरतो. म्हणजे मालिका स्वतःच सांगते की तिच्यातले सुंदर भविष्य तंत्रज्ञानाच्या प्रगतीतून आपोआप उगवलेले नाही. त्याआधी माणसांना रस्त्यावर यावे लागले, आणि काहींना मरावे लागले.

ही कथा ज्यांनी पाहायला हवी होती, त्यांनी मालिकेतून वेगळेच काही घेतले. १९८७ नंतरच्या मालिकांत स्पष्टच सांगितले जाते की चोविसाव्या शतकात पृथ्वीवर पैसा उरलेला नाही, आणि माणसे संपत्ती जमवण्यासाठी कामे करत नाहीत. यानातला संगणक आवाज ऐकून उत्तरे देतो, पण त्याच्या मागे कोणतीही दुकानदारी नसते. तो यानावरच्या सगळ्यांचा असतो. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी आपल्या कंपनीच्या बोलक्या यंत्रामागे हाच संगणक असल्याचे उघडपणे सांगितले आहे, आणि त्यांच्या या जिव्हाळ्याबद्दल मला शंका नाही. पण प्रत्यक्षात जे घरात आले ते एका महाकाय दुकानाच्या दाराशी उघडणारे उपकरण होते, आणि २०२३ मध्ये लहान मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे बेकायदा साठवल्याच्या आरोपाच्या तडजोडीपोटी याच कंपनीने अमेरिकी सरकारला अडीच कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. आवाजाने चालणारा संगणक आला. तो ज्या समाजात शोभत होता तो समाज घेण्याचा विचार कोणी केला नाही. यंत्र आणि समाज असे वेगळे काढता येतात, हीच मुळात चूक आहे, कारण तेच यंत्र सर्वांच्या मालकीचे असते तेव्हा सेवा करते आणि एकाच्या मालकीचे असते तेव्हा पाळत ठेवू शकते.

याला अपवादही आहे, आणि तो सांगितला पाहिजे. मालिकेतल्या डॉक्टरच्या हातात रोगनिदान करणारे ‘ट्रायकॉर्डर’ असे. २०१२ मध्ये एक्सप्राइझ या संस्थेने त्याच नावाची स्पर्धा जाहीर केली : सामान्य माणसाला घरबसल्या, डॉक्टरांच्या मदतीशिवाय, ठरावीक आजार ओळखता येतील असे वजनाला हलके उपकरण बनवायचे. २०१७ मध्ये पहिले बक्षीस मिळाले ते पेनसिल्व्हेनियातल्या एका आपत्कालीन विभागाच्या डॉक्टरने आपल्या भावांना आणि मित्रांना सोबत घेऊन बांधलेल्या चमूला. ते उपकरण अजून घरोघरी पोहोचलेले नाही. पण इथे यंत्राबरोबर त्याचा हेतूही उचलला गेला होता, आणि तो कोट्यवधींच्या प्रयोगशाळेतून आला नाही, चाहत्यांच्या वृत्तीने काम करणाऱ्या छोट्या गटाकडून आला, हे मला अर्थपूर्ण वाटते.

चाहत्यांचा इतिहास तर या मालिकेच्या इतिहासापेक्षा कमी महत्त्वाचा नाहीच. प्रेक्षकसंख्या कमी म्हणून दुसऱ्या सीझननंतर मालिका बंद होणार अशी चिन्हे दिसताच जॉन आणि ब्यो ट्रिंबल या दांपत्याने १९६७ च्या अखेरीस पत्रमोहीम उभी केली. हजारो पत्रे वाहिनीवर जाऊन आदळली. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी मशाली घेऊन बरबँकच्या एनबीसी कार्यालयावर मोर्चा नेला. अखेर १ मार्च १९६८ रोजी वाहिनीने मालिका पुढे चालू राहणार असल्याची घोषणा केली. तिसऱ्या सीझनला शुक्रवारी रात्री दहाची वाईट वेळ मिळाली आणि ७९ भागांनंतर मालिका संपली, पण त्या मोहिमेमुळेच ती पुढे स्थानिक वाहिन्यांना रोज दाखवता येईल एवढी लांबीची झाली, आणि या पुनःप्रसारणातच तिचा खरा प्रेक्षकवर्ग तयार झाला. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती दिसली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचे पहिले मोठे संमेलन भरले, तेव्हा आयोजकांनी धरले होते त्याच्या कितीतरी पट लोक आले. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या काळात पहिल्या शटलचे ठरलेले ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव बदलून ‘एंटरप्राइज’ झाले. ते यान चाचण्यांपुरतेच होते आणि अंतराळात कधी गेले नाही. तरी एका काल्पनिक यानाचे नाव सरकारी यानाला द्यायला नागरिकांनी लावले, ही गोष्ट साधी नाही.

या गर्दीत सर्वांत खोल काम शांतपणे स्त्रियांनी केले. १९६७ मध्येच ‘स्पॉकॅनालिया’ हे चाहत्यांचे पहिले नियतकालिक निघाले, आणि त्यानंतर हाताने टंकलेल्या, सायक्लोस्टाइल केलेल्या, टपालाने फिरणाऱ्या नियतकालिकांचे मोठे जाळे उभे राहिले. त्यांत मालिकेतल्या पात्रांच्या नव्या कथा लिहिल्या गेल्या; उहुराला मूळ मालिकेने नाकारलेली आयुष्ये दिली गेली, कर्क आणि स्पॉक यांच्यातल्या प्रेमाच्या कथा लिहिल्या गेल्या, आणि ज्या विषयांवर त्या काळच्या कोणत्याही वाहिनीवर बोलणे शक्य नव्हते त्यांवर लेखिकांनी एकमेकींशी मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली. पुढे याच परंपरेतून ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे ऑनलाइन कथाभांडार उभे राहिले, आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथेच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे जाहिराती नाहीत, वाचनाला शुल्क नाही, लेखकांना मानधन नाही; स्वयंसेवक ते चालवतात आणि देणग्यांवर ते चालते. पैशाविना चालणाऱ्या समाजाची कल्पना ज्यांनी पडद्यावर पाहिली, त्यांतल्या काहींनी ती आपल्या आवाक्यातल्या एका क्षेत्रात खरी करून दाखवली. अब्जाधीशांच्या बोलक्या यंत्रांपेक्षा हा वारसा मला अधिक अस्सल वाटतो.

आता मालिकेच्या मालकांकडे येऊ. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी ‘ॲक्सनार’ या चाहत्यांच्या नियोजित चित्रपटाविरुद्ध खटला भरला. त्या प्रकल्पाने लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली होती आणि त्यात व्यावसायिक कलावंत होते, त्यामुळे कंपन्यांची काळजी अगदीच निराधार नव्हती. २०१७ मध्ये तडजोड झाली. पण दरम्यान जून २०१६ मध्ये कंपन्यांनी सगळ्याच चाहत्यांसाठी जे नियम जाहीर केले, ते एका प्रकल्पाच्या रागाची शिक्षा सर्वांना देणारे आहेत. चाहत्यांच्या चित्रफितीत एक कथा १५ मिनिटांपेक्षा मोठी नको, दोन भाग मिळून ३० मिनिटांपेक्षा मोठी नको. पुढचे भाग काढायचे नाहीत. वर्गणी ५० हजार डॉलरपेक्षा अधिक नको. आणि मालिकेत कधीही काम केलेल्या कोणाला सहभागी करून घ्यायचे नाही. यातला पैशावरचा निर्बंध समजण्यासारखा आहे. मिनिटांवरचा निर्बंध मला समजत नाही. हौशी माणसाने नफा न घेता दीड तासाची कथा सांगितली तर कंपनीचे नेमके काय जाते?

संस्थांना याहून उदार वागता येते, याचे उदाहरण मराठी वाचकाला जवळच सापडेल. ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली त्याच वर्षी, १९६६ मध्ये, मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू करून कोणाही लेखकाला दार उघडे ठेवले. १९७४ मध्ये त्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवणारे ‘नारायण विनायक जगताप’ हे प्रत्यक्षात जयंत विष्णु नारळीकर निघाले. नावाचा दबाव पडू नये म्हणून जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाने टोपणनावाने, इतरांच्या बरोबरीने रांगेत उभे राहावे, अशी ती जागा होती. मराठीत विज्ञानकथा पडद्यावर फारशी रुजली नाही ही खंत खरीच, पण कागदावर ती रुजली याला हे उघडे दार मोठे कारण आहे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आणि स्पष्ट आहे. विनामूल्य आणि नफ्याविना केलेल्या चाहत्यांच्या निर्मितीवरील लांबीचे आणि सहभागाचे निर्बंध कंपन्यांनी उठवावेत, आणि अशा निर्मितीला कायद्यात निःसंदिग्ध संरक्षण असावे, म्हणजे ती मालकाच्या मर्जीवर राहणार नाही. आज अमेरिकेत कंपनीच्या नावावरील कलाकृतीचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. १९६६ मध्ये दहा वर्षांची असताना ज्या मुलीने पहिला भाग पाहिला, वाहिनीला पत्र लिहिले, सायक्लोस्टाइलची शाई हाताला लावून घेतली आणि मालिका जगवली, तिला त्या पात्रांची कथा कोणाच्याही परवानगीविना पडद्यावर आणायची असेल, तर वयाची शंभरी ओलांडेपर्यंत थांबावे लागेल.